यलो अलर्ट

डिसेंबर जवळ आला की आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये एक ठरलेला विषय निघतो. केदारकंठा. निम्म्या टीमने बुकिंग केलेलं असतं आणि उरलेल्या निम्म्या टीमला त्यांचे टिकेट्स सांभाळायचे असतात. मग कुणीतरी हळूच विचारतं, "पण ते ॲव्हलांच वगैरे?" त्यावर मागच्या वर्षी जाऊन आलेला एखादा वीर सांगतो, "छे रे, वेदर क्लिअर असलं की झालं!"

हे "वेदर क्लिअर असलं की झालं" ऐकलं की मला हिमालय नाही, गडचिरोली आठवतं.

तुम्ही म्हणाल, गडचिरोली आणि बर्फ? बरोबर आहे. मी चंद्रपूरचा. आमच्याकडे बर्फाचा संबंध मे महिन्यातल्या उसाच्या रसापुरता. पण हिमस्खलनाबद्दल मी जे काही वाचलं होतं, ते मला खऱ्या अर्थाने कळलं ते आलापल्ली-भामरागड रस्त्यावरच्या एका नाल्याकाठी. म्हणून आजचा हा शनिवारचा लेख. थोडा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी बर्फाचं आटपून घेऊ. हिमस्खलन म्हणजे डोंगरावरून बर्फ आपोआप कोसळतो आणि खाली बिचारे ट्रेकर सापडतात, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक जीवघेण्या अपघातांत तो बर्फ सुटतो तो सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच गटातल्या कुणाच्या तरी वजनाने. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार, आत एक कच्चा थर, त्याच्यावर नवीन बर्फाची लादी, आणि त्या लादीवर आपण. बरं, हे व्हायला वादळ चालू असावं लागत नाही. उलट बरेच अपघात वादळ सरल्यावर होतात. छान निळं आकाश पडलेलं असतं, ताजा बर्फ चमकत असतो आणि सगळ्यांना बाहेर पडायची घाई झालेली असते.

हिमस्खलनाच्या धोक्याला पाच पायऱ्या असतात. युरोपने १९९३ मध्ये ही पाच पायऱ्यांची पद्धत घेतली. भारतात हिमालयासाठी हे काम चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था करते, २०२० पर्यंत तिचं नाव सासे होतं. आता गंमत बघा. सगळ्यात जास्त माणसं पाचव्या पायरीला मरत नाहीत. पाचव्या पायरीला कुणी बाहेरच पडत नाही. माणसं मरतात ती जास्त करून तिसऱ्या पायरीला, जिथे धोका खरा असतो पण "बघू, जमेल" असं म्हणायला जागा असते.

हे वाक्य लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

आता आमच्याकडचं हवामान. चंद्रपूर म्हटलं की सगळ्यांना ऊन आठवतं आणि त्यात खोटं काही नाही. समुद्र लांब, उंची जेमतेम दोनशे मीटर, उत्तर-पश्चिमेकडून येणारा कोरडा वारा, काळी जमीन. मे महिन्यात पारा ४७ ला टेकला तरी आमच्याकडे बातमी आतल्या पानावर जाते. हवामान खात्याच्या हिशेबाने सपाट प्रदेशात ४५ म्हणजे उष्णतेची लाट आणि ४७ म्हणजे तीव्र लाट. आणि हा आकडा सावलीतला असतो हं. जमिनीपासून सव्वा मीटरवर, झडपा असलेल्या पांढऱ्या पेटीतला. ताडोब्याच्या उघड्या जिप्सीत दुपारी बसलेल्या माणसाच्या डोक्यावर अशी पेटी नसते.

कोरड्या उन्हाची खोड अशी की घाम जागच्या जागी उडून जातो. त्यामुळे अंगातून किती पाणी गेलं ते कळतच नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे म्हणतात, "आमच्याकडच्यासारखा चिकचिकाट नाही, बरं आहे!" आणि चार तासांनी डोकं धरून बसतात. उलट जूनमध्ये पहिला पाऊस पडून पारा ४० ला उतरला की सगळे सुटकेचा श्वास टाकतात. पण तेव्हा हवेत ओल असते, घाम उडत नाही आणि शरीर थंड व्हायचा रस्ताच बंद होतो. आकडा कमी, त्रास जास्त. मोहफुलं वेचणाऱ्या आणि तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायका हे कुठल्याही ॲपशिवाय जाणतात. त्या पहाटे अंधारात निघतात आणि ऊन चढायच्या आत मोकळ्या होतात.

दुसरी गोष्ट वीज. भारतात वीज पडून दर वर्षी अडीच हजारांहून जास्त माणसं जातात आणि त्यात विदर्भातल्या शेतातली, गुरांमागची माणसं बरीच असतात. मृग लागताना आणि परतीच्या पावसात हा प्रकार जास्त. पाऊस आला की माणूस सहजच बांधावरच्या मोहाच्या झाडाखाली जातो, आणि नेमकं एकटं उंच झाड हीच सगळ्यात वाईट जागा. हिशेब सोपा आहे. चमक दिसली की सेकंद मोजायचे. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. तीसच्या आत गडगडाट आला म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, आता उघड्यावर थांबायचं नाही. पक्कं घर किंवा बंद काचांची गाडी, नाहीतर जंगलात सारख्या उंचीच्या बुटक्या झाडांमध्ये, एकमेकांपासून लांब लांब, पाय जुळवून उकिडवं बसायचं. आडवं पडायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास हलायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी नावाचं ॲप आहे, ते तुमच्या आसपासच्या २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातल्या विजेची सूचना देतं. फुकट आहे. टाकून ठेवा. (फक्त आलापल्लीच्या पुढे रेंजचा भरवसा धरू नका.)

आणि तिसरी गोष्ट, पाणी. इथे ती नाल्याची गोष्ट येते.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका लाँग वीकेंडला आम्ही पाच जण हेमलकशाला निघालो होतो. बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प बघायचा, जमल्यास भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावतीचा संगम बघायचा, असा बेत. चंद्रपूरहून गाडी केली होती. चालवणारे भाऊ आलापल्लीकडचेच, पन्नाशीचे, बोलायला कमी. हवामान खात्याचा त्या दिवशीचा जिल्ह्याचा रंग होता पिवळा. नारिंगी नाही, लाल तर नाहीच. आष्टीला वैनगंगा ओलांडली तेव्हा ढग होते. आलापल्ली सोडली, दोन्ही बाजूंनी तो प्रसिद्ध उंच साग सुरू झाला, आणि चक्क ऊन पडलं. हिरवंगार जंगल, धुतलेला रस्ता, निळं आकाश. वेदर एकदम क्लिअर!

तासाभराने एक नाला आला. त्यावरचा रपटा पाण्याखाली होता. वरून पाणी चाललं होतं, मातकट लाल, त्यात पानं आणि काटक्या. पलीकडचा रस्ता स्वच्छ दिसत होता, फार तर तीस पावलांवर. आमच्या आधी एक मोठी गाडी पार झाल्याचं तिथे उभ्या असलेल्या पोरांनी सांगितलं.

भाऊ उतरले. त्यांनी पाण्याच्या कडेला एक दगड ठेवला आणि बिडी पेटवली. बस्स. आम्ही पुण्याची माणसं, आम्हाला काहीतरी ॲक्शन हवी होती. वीस मिनिटांनी ते परत गेले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "चार बोटं चढलं भाऊ. अजून चढून राहिलं. वरती डोंगरात पाणी पडलं असन."

आमच्यात लगेच चर्चा सुरू झाली. एकाने लडाखला गाडी नेली होती, त्याच्या मते हे पाणी काहीच नव्हतं. दुसऱ्याला सोमवारी रिलीज होता, आज नाही तर मग कधीच नाही. तिसरा म्हणाला, ती गाडी गेली ना? मी आपला घड्याळ आणि तो दगड बघत होतो.

आणि तेवढ्यात मागून एक मोटरसायकल आली. पुढे एक माणूस, मागे त्याची बायको, मध्ये गोधडीत गुंडाळलेलं पोरगं, असेल चार-पाच वर्षांचं. भाऊ त्यांच्याशी माडियात बोलले. दोन दिवस ताप होता, काल गोळ्या दिल्या होत्या, पण सकाळपासून पोरगं डोळे उघडत नव्हतं. त्यांना हेमलकशाच्या दवाखान्यात जायचं होतं. नाल्याच्या पलीकडे, अर्ध्या-पाऊण तासावर. मागे फिरून अहेरी गाठायची म्हणजे त्याहून बराच जास्त वेळ.

क्षणात सगळं बदललं. आतापर्यंत जो वाद सहलीचा होता तो एका मुलाच्या जिवाचा झाला. आणि जो मित्र थांबू या म्हणत होता, तोच आता म्हणाला, "भाऊ, आता तर जायलाच पाहिजे. त्यांना गाडीत घ्या आणि काढा." खरं सांगतो, त्या क्षणी ते ऐकायला बरोबर वाटत होतं. चांगल्या माणसाने असंच म्हणावं असं वाटत होतं.

भाऊंनी बिडी विझवली. "पाण्याले काय समजते का भाऊ, पोरगं बिमार आहे म्हणून?" एवढंच म्हणाले. मग त्या बापाशी दोन मिनिटं बोलले. त्याने एकदा नाल्याकडे बघितलं, एकदा बायकोकडे, आणि मान हलवली. मोटरसायकल त्या पोरांच्या हवाली केली, आमच्यापैकी दोघं सामानाच्या जागेत दुमडून बसले आणि गाडी मागे वळली. भाऊंनी ती अहेरीपर्यंत कशी आणली ते त्यांनाच माहीत. सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं, मलेरिया निघाला, सलाइन लागलं. रात्री नऊच्या सुमाराला त्या मुलाने पाणी मागितलं. चौथ्या दिवशी ते घरी गेल्याचं भाऊंनी मला फोनवर सांगितलं. हेमलकसा त्या वर्षी राहूनच गेलं.

पुण्याला आल्यावर मी याच्यावर बरंच वाचलं. (इंजिनिअर माणूस, आरसीए केल्याशिवाय झोप येत नाही :-) ) इयन मॅकॅमन नावाच्या संशोधकाचा २००४ चा एक अभ्यास सापडला. त्याने अमेरिकेतले हिमस्खलनाचे सातशेहून जास्त अपघात तपासले. सापडलेल्या लोकांत प्रशिक्षण घेतलेले, अनुभवी लोकही पुष्कळ होते. धोक्याच्या खुणा समोर असूनही ते गेले होते. का गेले, याचे त्याने काही सापळे सांगितले. ओळखीची जागा आहे. एकदा ठरवलंय तर पार पाडू. आपल्यात एक एक्स्पर्ट आहे. दुसरे गेले ना. ही संधी पुन्हा नाही. लोकांना आपण भारी वाटलो पाहिजे.

मी ही यादी वाचली आणि तो नाला आठवला. लडाखवाला म्हणजे एक्स्पर्ट. आधी गेलेली गाडी म्हणजे "दुसरे गेले ना". सोमवारचा रिलीज म्हणजे "ही संधी पुन्हा नाही". बर्फ असो की लाल पाणी, माणसाचं डोकं तेच. त्या यादीत मी माझ्यापुरता आणखी एक सापळा घातला आहे आणि तो सगळ्यांत अवघड आहे: चांगलं कारण. सहलीसाठी जीव धोक्यात घालू नये हे पटवायला सोपं आहे. पण आजारी मूल समोर असताना "नाही" म्हणायला भाऊंसारखा माणूस लागतो. त्या पाण्यात गाडी गेली असती तर सहा-सात मोठ्या माणसांबरोबर ते मूलही गेलं असतं. वाहत्या पाण्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट, तर धक्का चौपट. घोट्याच्या थोडं वर, १५ सेंटीमीटर वेगाचं पाणी उभ्या माणसाला पाडू शकतं. ३० सेंटीमीटरमध्ये छोटी गाडी तरंगायला लागते आणि ६० मध्ये बहुतेक गाड्या वाहून जातात, एसयूव्ही धरून. आणि लाल पाण्याखाली रपटा शिल्लक आहे की खचलाय हे काठावरून कुणालाच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट नंतर कळली. भाऊंनी दगड ठेवला तो नुसता सवय म्हणून नव्हे. नाल्याचं पाणलोट लहान असतं. तो झपाट्याने चढतो आणि काही तासांत उतरतो. तिथे थांबण्यात अर्थ असतो. मोठ्या नदीचं तसं नाही. इंद्रावती ओडिशातल्या कालाहंडीत उगम पावते, बस्तर ओलांडून येते. पर्लकोटाही छत्तीसगडच्या बाजूने येते. तिकडे पाऊस झाला की इंद्रावती फुगते आणि पर्लकोटाचं पाणी मागे रेटते. मग भामरागडात एक थेंब न पडताही बाजारपेठेत पाणी शिरतं. २०१९ च्या पावसाळ्यात हे अनेकदा झालं. हा पूर तासांत नाही, दिवसांत उतरतो. उत्तरेकडे वैनगंगेची तीच कथा. २०२० च्या ऑगस्ट अखेरीला मध्य प्रदेशातल्या पावसाने आणि गोसीखुर्दच्या विसर्गाने ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी भागातली गावं बुडाली, तेव्हा पाऊस तिथे पडलाच होता असं नाही. म्हणजे गडचिरोलीच्या आकाशाकडे बघून गडचिरोलीच्या पुराचा अंदाज लागत नाही. आकाश वरच्या अंगाचं बघावं लागतं.

त्यात जिल्ह्याचा आकार. गडचिरोली चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आहे. उत्तरेच्या कोरचीपासून दक्षिणेच्या सिरोंचापर्यंत दिवस जातो. या सगळ्याला मिळून एक रंग. पिवळा म्हणजे "लक्ष ठेवा", "जायला हरकत नाही" असा त्याचा अर्थ नाही. आपण मात्र तो सिग्नलच्या पिवळ्यासारखा वाचतो, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबायचा! लाल दिवशी मुळात कुणी निघत नाही. निघतो आपण पिवळ्याला. आठवली ना ती तिसरी पायरी?

तर मी काय करतो ते सांगतो, उपदेश म्हणून नाही. आपल्या धंद्यात एक नियम आहे. रोलबॅक प्लॅन नसेल तर शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय करायचं नाही. तसंच इथे. मागे वळायची अट घरून निघताना ठरवायची, नाल्याकाठी नाही. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी थांबणार, यावर मतदान नाही. दुपारी तीनच्या आत मुक्कामाला पोचणार नसू तर अलीकडेच राहणार. एक दिवस फालतू धरायचा, सोमवारला चिकटून परतीचं तिकीट काढायचं नाही. आदल्या दिवशी फक्त गडचिरोलीचा नाही, तर कांकेर, नारायणपूर, बस्तरचाही अंदाज बघायचा. आकडा वाचायला शिकायचं: २४ तासांत ६४.५ मिलीमीटरच्या वर म्हणजे मुसळधार, ११५.५ च्या वर अति मुसळधार, २०४.४ च्या वर अत्यंत मुसळधार. आणि गाडी चालवणाऱ्या स्थानिक माणसाला निघतानाच, सगळ्यांसमोर सांगून ठेवायचं, "भाऊ, तुम्ही नाही म्हणालात की नाही." हे सांगणं महत्त्वाचं, कारण पैसे आपण देतो आणि त्यामुळे "नाही" म्हणणं त्यांना जड जातं. आमच्या भाऊंना जड गेलं नाही, पण प्रत्येकाचं तसं नसतं.

हे सगळं लिहिताना एक गोष्ट मात्र टोचत राहते. आपल्यासाठी मागे वळणं म्हणजे एक बुडालेला वीकेंड आणि लॉजवरची रात्र. त्या बापाकडे त्या दिवशी आमची गाडी नसती तर? मोटरसायकलवर तापाने फणफणलेलं मूल घेऊन अहेरीपर्यंत मागे जायचं, नाहीतर पाणी उतरायची वाट बघत बसायचं. दर पावसाळ्यात त्या भागातून बाळंतिणीला खाटेवर किंवा नावेतून पाणी पार करून आणल्याच्या बातम्या येतात. आपण त्यांच्या धाडसाचं कौतुक करतो आणि पुढची बातमी वाचतो. ते धाडस नाही हो, त्यांच्याकडे दुसरा रस्ताच नसतो. हिमालयातला ट्रेकर धोका निवडतो, तो तर नाल्यापलीकडच्या गावात राहतो. पूल उंच झाला, दवाखाना अलीकडे आला, तर त्याची निवड बदलेल. त्याला सुरक्षिततेच्या टिप्स देऊन नाही बदलणार.

असो. या ऑक्टोबरात, दसरा झाला की पुन्हा हेमलकशाचा बेत आहे. हस्ताचा गडगडाट संपलेला असेल, नाले पायाखालून जातील, साग धुवून निघालेला असेल. भाऊंना फोन केलाय. ते म्हणाले, "या, पण आदल्या दिवशी फोन करा, मंग सांगतो." जे केदारकंठ्याला जाताहेत त्यांनी जरूर जावं. फक्त तिथल्या गाइडला पहिल्याच दिवशी विचारून ठेवा की मागे कधी वळायचं, आणि तो म्हणाला की वळा. आकाश निळं असलं तरी.